प्रवाशांसाठी नसलेला पदार्थ

जुलैच्या सुट्टीत जावाला जायचं ठरलं आणि त्याच दिवशी चंद्रहासने खाण्याची यादी करायला घेतली. देवळं आणि ज्वालामुखी बायकोने, मृदुलाने बघायचे, खाणं त्याने, अशी वाटणी झाली होती. तो हॅमिल्टनमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होता. दुसऱ्यांनी केलेलं काम कुठे मोडतं ते शोधायचं, हा त्याचा गेल्या बावीस वर्षांचा धंदा. घरातही तो तसाच वागायचा. नवीन कुकर आणला तरी त्याचं माहितीपत्रक वाचून, वर त्यात काय लिहिलेलं नाही ते करून बघायचा.

प्रवासात त्याला एकाच गोष्टीचा राग होता. "टुरिस्टला देतात ते मला नको," असं तो वेटरला तोंडावर सांगायचा. थायलंडमध्ये एकदा गावातले लोक खातात तेवढं तिखट मागून तो दोन दिवस हॉटेलच्या खोलीत पडून होता. तो किस्सा तो अभिमानाने सांगायचा.

मे महिन्यात रोटोटुना भागातल्या कम्युनिटी हाऊसमध्ये एक कागद लागला. 'जावाला जाताय? आधी हे खाऊन बघा.' सहा शनिवार, अकरा ते एक. शिकवणारी बाई वार्सिनी, मूळची मध्य जावातल्या बान्युमासची. रविवारच्या बाजारात तिचा खाण्याचा स्टॉल असे. चंद्रहासने दोघांची नावं घातली.

वार्सिनी पंचेचाळीस-सत्तेचाळीसची असेल. डोक्याला फिकट हिरवा रुमाल, बारीक अंगकाठी, आवाज इतका हळू की पहिल्या दिवशी सगळे पुढे सरकून बसले. वर्गात तेरा जण होते. बहुतेक निवृत्त कीवी जोडपी, सुट्टीला बालीला जाऊन कंटाळलेली. सगळे तिला 'बू' म्हणायला लागले. 'बू' म्हणजे तिकडचं 'बाई' किंवा 'आई', असं तिनेच सांगितलं.

पहिल्या शनिवारी तिने गुदेग केलं. कच्चा फणस नारळाच्या दुधात आणि ताडाच्या गुळात चार-चार तास शिजवायचा, रंग चहासारखा होईपर्यंत. ऑकलंडमधल्या पापाटोएटोच्या दुकानातून आणलेला डब्यातला फणस तिने वापरला आणि त्याबद्दल तिने दोनदा माफी मागितली. चंद्रहास तिथल्या तिथे म्हणाला, "ही आमची फणसाची भाजीच की, फक्त गोड." दुसऱ्या शनिवारी रावोन, काळं सूप. मृदुला आणि चंद्रहास बीफ खात नाहीत हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तरी एका लहान पातेल्यात तिने मशरूमचं वेगळं करून ठेवलं होतं. ते तिने काही न बोलता त्यांच्यापुढे सरकवलं.

त्या सुपाला काळा रंग येतो क्लुवाक नावाच्या बीमुळे. वार्सिनीने एक बी हातावर घेऊन दाखवली. "ही झाडावरून काढून खाल्ली तर माणूस मरतो," ती म्हणाली. "उकळायची, मग राखेत घालून चाळीस दिवस जमिनीत पुरायची. मग खायची." सगळे हसले. एका म्हाताऱ्याने विचारलं, चाळीस दिवस झालेत ना नक्की. वार्सिनीही हसली.

तिसऱ्या शनिवारी टेम्पे. उकडलेल्या सोयाबीनला बुरशीचं विरजण लावायचं आणि उबेला ठेवायचं. दोन दिवसांत पांढऱ्या कापसासारखी बुरशी दाणे धरून ठेवते आणि एक घट्ट वडी तयार होते. बान्युमासला तिचे पातळ काप पिठात बुडवून अर्धवट तळतात, त्याला मेंदोआन म्हणतात. गरम, लिबलिबीत, हिरव्या मिरचीबरोबर. चंद्रहासने सात खाल्ले. मग त्याने विचारलं, "बू, तुमच्या भागात नारळाच्या चोथ्याचंही टेम्पे करतात ना? मी कुठेतरी वाचलं."

वार्सिनी झारा धुत होती. तिने नळ बंद केला नाही.

"आता करत नाहीत," ती म्हणाली.

"पण तिथे गेल्यावर मिळेल का कुठे? एखाद्या गावात?"

"नाही." ती म्हणाली, "ते प्रवाशांसाठी नाही."

मृदुलाने तिच्याकडे बघितलं. झारा केव्हाच स्वच्छ झाला होता, तरी ती तो धूतच होती. चंद्रहासच्या चेहऱ्यावर मात्र एक ओळखीचा उजेड आला होता. गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "ऐकलंस ना? प्रवाशांसाठी नाही. म्हणजे खरं तेच."

"तिला ते नाव आवडलं नाही," मृदुला म्हणाली.

"आवडणार कसं? आपलं घरचं कोण दाखवतं पाहुण्यांना. पाहुण्यांना आपण श्रीखंड वाढतो, शिळ्या भाकरीचा कुस्करा नाही."

विषय तिथेच संपला, असं मृदुलाला वाटलं.

जूनमध्ये, तिथल्या हिवाळ्याच्या सुरुवातीला, धुकं पडायला लागलं. वायकाटो नदीवरून ते सकाळी घरांत शिरायचं आणि अकरा-अकरा वाजेपर्यंत हलायचं नाही. समोरच्या घराचं छपरसुद्धा दिसायचं नाही. घरात एकच जागा सतत उबदार असायची, ती म्हणजे गरम पाण्याच्या टाकीचं कपाट. तिथे टॉवेल वाळायचे आणि आता चंद्रहासचं टेम्पे व्हायचं. वार्सिनीने दिलेल्या विरजणाच्या पुडीवर त्याने दोनदा सोयाबीनचं केलं. दोन्ही वेळा उत्तम झालं. मृदुलाने ते ऑफिसलाही नेलं.

पाचव्या शनिवारनंतर त्याने घरी गुदेग करायला घेतलं. सहा नारळ फोडले, खवले, दूध काढलं. चोथा राहिला. मृदुलाने तो बागेत टाकायला उचलला, तर तो म्हणाला, "राहू दे, मला लागेल."

"कशाला?"

"बघू."

मंगळवारी तिला कपाटातून वास आला. टेम्पेचा मशरूमसारखा वास तिला माहीत झाला होता. हा वेगळा होता. गोडसर, खोबरं शिळं झाल्यावर येतो तसा, आणि त्याच्या खाली आणखी काहीतरी. तिने टॉवेल बाजूला करून बघितलं. ताटात पांढरी वडी होती, बरीचशी धरलेली. एका कडेला, बोटभर जागेत, रंग पिवळा होता.

"चंद्रहास, हे पिवळं काय आहे?"

तो बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरवर होता. "हळदीचा हात लागला असेल," तो तिथूनच म्हणाला.

तिने आणखी एकदा बघितलं. हळद अशी आतून येत नाही, असा विचार तिच्या मनात आला. पण आठ वाजता तिची ऑकलंडच्या लोकांशी मीटिंग होती, मुलगी श्रिया नेटबॉलचे बूट शोधत होती, आणि चंद्रहासशी वाद घालायचा म्हणजे अर्धा तास जायचा. तिने टॉवेल परत ठेवला आणि कपाट लावलं.

शेवटच्या शनिवारी प्रत्येकाने काहीतरी करून न्यायचं होतं. सकाळी सात वाजता चंद्रहास तळत होता. पंधरा वर्षांची श्रिया पायजम्यातच आली आणि तिने ताटातल्या कुरकुरीत वडीकडे हात नेला. त्याने झाऱ्यानेच तिचा हात अडवला.

"आत्ता नाही. नंतर."

"डॅड, जस्ट वन."

"नंतर म्हटलं ना."

श्रियाने खांदे उडवले आणि टोस्ट लावला. मृदुला चहा गाळत होती. तिला वाटलं, वर्गासाठी मोजून केले असतील.

साडेदहाला ते निघाले. धुक्यात गाडीचे दिवे लावूनसुद्धा समोरचं वळण दिसत नव्हतं. चंद्रहास मजेत होता. दोन-तीनदा त्याने घड्याळात बघितलं.

"उशीर नाही झालेला," मृदुला म्हणाली.

"नाही, नाही. वेळेत आहे सगळं."

कम्युनिटी हाऊसमधल्या लांब टेबलावर डबे आणि ताटल्या मांडल्या होत्या. तिथलं कामकाज बघणारी अनाहेरा सगळ्यांना 'किया ओरा' असा माओरी नमस्कार करत, चहाचे कप लावत होती. चंद्रहासने आपला डबा मध्यभागी ठेवला आणि झाकण काढलं. रावोनच्या दिवशी चाळीस दिवसांचा विनोद करणारा म्हातारा, पूर्वी गाईंचा मोठा कळप असलेला, जवळच उभा होता. त्याने एक वडी उचलली.

"थांबा, आधी बूंनी ओळखायचं," चंद्रहास म्हणाला. "बू, सांगा हे काय आहे."

वार्सिनी हसत आली. तिने एक वडी घेतली, नाकाशी नेली. हसू तोंडावर होतं तसंच राहिलं, पण डोळे थांबले. तिने वडी मोडली. आतला चुरा बोटांवर घेऊन खिडकीकडे धरला. मग ती वळली आणि म्हाताऱ्याच्या हातातली वडी तिने काढून घेतली. तिचा हात त्याच्या हाताला जोरात लागला. डबा तिने उचलून छातीशी धरला.

"कोणी खाल्लं?" तिने विचारलं. तो हळू आवाज नव्हता.

अनाहेराने हातातला कप खाली ठेवला.

"कोणी खाल्लं यातलं?"

"अजून कोणीच नाही," चंद्रहास म्हणाला. "म्हणजे, मी. सकाळी चार तुकडे. बू, घाबरू नका, मी सगळं स्वच्छ भांड्यांत केलंय. आणि बघा ना, तीन तास झाले. काही झालं नाही."

"आमच्याकडेही दुपारपर्यंत काही झालं नव्हतं," वार्सिनी म्हणाली.

मग तिने मृदुलाकडे बघितलं. "हॉस्पिटल. आत्ता. गाडी आहे ना?"

अनाहेरा अँब्युलन्सला फोन लावायला लागली. पण हॉस्पिटल वीस मिनिटांवर होतं आणि वार्सिनी चंद्रहासला दंडाला धरून दाराकडे नेत होती. तो लाजून, ओशाळून हसत होता. "अहो, काय हे. सगळे बघतायत." मृदुलाने किल्ली घेतली. वार्सिनी मागच्या सीटवर बसली, डबा मांडीवर, दोन्ही हात झाकणावर.

वाटेत तो बोलत राहिला. ऑफिसमधल्या एकाने दोन दिवस फ्रीजबाहेर राहिलेले शिंपले खाल्ले आणि त्याला काही झालं नाही, ते त्याने सांगितलं. लोक पॅनिक फार करतात, म्हणाला. मृदुला रस्त्याकडे बघत होती. तिसऱ्या सिग्नलला तो गप्प झाला. मग त्याने खिडकी खाली केली. बाहेर सहा डिग्री होतं.

"जरा उकडतंय ना," तो म्हणाला.

त्याच्या कपाळावर घाम होता. मागून वार्सिनी तिच्या भाषेत पुटपुटायला लागली. ती प्रार्थना होती हे समजायला भाषा यावी लागत नव्हती.

हॉस्पिटलमध्ये वार्सिनीने नोंदणीच्या खिडकीपाशीच एक कागद मागून त्यावर त्या पदार्थाचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि नर्सच्या हातात दिलं. नर्सने ते डॉक्टरांना दिलं. डॉक्टर तरुण होती. तिने फोन करून विषबाधेच्या तज्ज्ञांना विचारलं. ती बोलताना मृदुला तिच्या पाठीकडे बघत होती. फोनवर डॉक्टर सुरुवातीला बरंच बोलत होती, नंतर फक्त ऐकत होती.

तिने येऊन सरळ सांगितलं. असं विष फार क्वचित बघायला मिळतं. तळून, उकळून ते जात नाही. त्यावर उतारा असं औषध नाही. शरीर झगडत असेल तेवढा वेळ त्याला आधार द्यायचा, एवढंच करता येतं, आणि ते आम्ही सगळं करू.

एक वाजता त्याच्या पोटात कळा सुरू झाल्या. दोन वाजता तो मृदुलाला म्हणाला, "मृदू, माझी चूक झाली थोडी." ती म्हणाली, "असू दे रे. बरा हो." त्याला आणखी काही सांगायचं होतं, पण उलटी आली आणि नर्सने तिला बाहेर थांबायला सांगितलं. तीननंतर तो तिला ओळखत नव्हता.

श्रियाला मैत्रिणीच्या आईने आणून सोडलं. मृदुलाने तिला पहिला प्रश्न विचारला, "तू खाल्लंस का? एक तरी?" श्रिया म्हणाली, "नो. ही डिडन्ट लेट मी." मृदुलाने तिला जवळ ओढलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

कॉरिडॉरमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर वार्सिनी बसून होती. डबा हॉस्पिटलने तपासणीसाठी घेतला होता, तरी तिचे हात मांडीवर तसेच होते. मृदुला तिच्या शेजारी जाऊन बसली. तेव्हा वार्सिनीने सांगितलं.

ती दहा वर्षांची होती. आई खोबऱ्याचं तेल काढून विकायची. मागे राहिलेल्या चोथ्याचं टेम्पे घरी व्हायचं, कारण सोयाबीन विकत घ्यावं लागे. आठवड्यातून दोनदा तरी ते खाल्लं जायचं. कधी ते पिवळं व्हायचं, मग आई टाकून द्यायची. त्या दिवशी ते पिवळं झालं नव्हतं, किंवा झालं असेल तर इतकं कमी की आईला चुलीच्या उजेडात दिसलं नसेल. वार्सिनीला ताप होता म्हणून तिला नुसती पेज दिली होती. सकाळी सगळ्यांनी खाल्लं. वडील शेतावर गेले. दुपारी त्यांना उचलून आणलं. संध्याकाळपर्यंत दोघे भाऊ. वाडीतल्या आणखी चार घरांतही तेच झालं.

"आई वाचली," वार्सिनी म्हणाली. "तिने शेवटी जेवायचं ठेवलं होतं, तोपर्यंत फार उरलं नव्हतं. त्यानंतर ती एकोणतीस वर्षं जगली. स्वयंपाक तिने परत केला नाही. मी केला."

मृदुलाने विचारलं, "मग त्या दिवशी तुम्ही हे का नाही सांगितलं? त्याने विचारलं तेव्हा?"

वार्सिनीने मांडीवरचे हात उलटे करून बघितले. मग म्हणाली, "बिया विषारी असतात हे मी सांगितलं, कारण त्यात आम्ही हुशार ठरतो. चाळीस दिवस पुरतो, विष घालवतो. हे सांगितलं असतं तर आईचं नाव आलं असतं. आणि मला वाटलं, हे लोक जावाला जायला निघालेत, त्यांना भीती कशाला घालायची."

चंद्रहास रविवारी सकाळी नऊ वाजता गेला. बाहेर धुकं तसंच होतं.

पुढचे आठ-दहा दिवस घरात माणसं होती. हॅमिल्टनमधली मराठी मंडळी आळीपाळीने डबे आणत होती. ते डबे उघडताना प्रत्येक वेळी मृदुलाचा हात क्षणभर थांबायचा. पुण्याहून धाकटा दीर देवव्रत आला. आरोग्य खात्याची एक अधिकारी येऊन गेली. तपासणीत विष सापडलं होतं. तिने विचारलं, "हे धोकादायक आहे याची तुमच्या पतींना कल्पना होती का?" मृदुला म्हणाली, "नाही." तिला खरंच तसं वाटत होतं.

बातमी तोपर्यंत भागातल्या फेसबुक ग्रुपवर पोचली होती, आणि पोचताना तिचा आकार बदलला होता. कुकिंग क्लासमध्ये विषारी पदार्थ शिकवला, एक जण मेला. कोणीतरी वार्सिनीच्या स्टॉलचा फोटो टाकला. खाली दोनशेच्या वर कॉमेंट्स. हिने पुडी दिली, हिनेच विरजण दिलं, अशा लोकांना परवानगी कोण देतं. श्रियाने फोन आईपुढे धरला. "मम, दिस इज नॉट फेअर. शी ट्राइड टू स्टॉप हिम." त्या रविवारी वार्सिनीने स्टॉल लावला नाही. पुढच्या रविवारी लावला, तर कोणी थांबलं नाही.

विमानाची तिकिटं रद्द करायला लागणार होती. त्यासाठी मृदुलाने चंद्रहासचा लॅपटॉप उघडला. जावाच्या फोल्डरमध्ये हॉटेलं होती, गाड्यांची वेळापत्रकं होती, पदार्थांची यादी होती आणि शेवटी एक फाइल होती. तिचं नाव नुसतं 'चोथा'.

वरच्या भागात त्याने निरनिराळ्या ठिकाणचे उतारे आणून ठेवले होते. शेकडो मृत्यू. सरकारची बंदी. पिवळेपणा दिसला तर टाकून द्यावं. तळल्याने विष नष्ट होत नाही. प्रत्येक उताऱ्याखाली त्याचं एकेका ओळीचं उत्तर होतं. जुना काळ, अस्वच्छ भांडी. आपल्याकडे स्टेनलेस स्टील. विरजण खात्रीचं. आणि मग मंगळवारची नोंद. 'एका कडेला किंचित पिवळं. ती कड कापून टाकली. मृ.ला दिसलं, हळद सांगितलं.'

शेवटी शनिवार.

'७:५० – चार तुकडे खाल्ले. फक्त मी. श्रियाला दिलं नाही.
८:५० – ओके.
९:५० – ओके.
१०:२५ – ओके. वर्गाला न्यायला हरकत नाही.'

मृदुलाने ते एकदाच वाचलं. उठून ती बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून बराच वेळ तिथे उभी राहिली. रडू येईल असं तिला वाटलं होतं. आला तो राग, आणि तो इतका जुना निघाला की तिलाच त्याची भीती वाटली. मुलीला द्यायची त्याची हिंमत झाली नव्हती. बाकी बारा जणांना द्यायची झाली होती.

संध्याकाळी तिने देवव्रतला फाइल दाखवली. तो वाचत असताना त्याच्या चेहऱ्यावर चंद्रहासची छटा येत-जात होती.

"वहिनी, हे कोणी बघितलंय?"

"तुम्ही आणि मी."

"मग राहू दे," तो म्हणाला. "आईला हे कळलं तर ती संपेल. दादा गेला. आता त्याला काय लोकांच्या तोंडी द्यायचं?"

"भाऊजी, त्या बाईला लोक खुनी म्हणतायत."

"लोक विसरतात. सहा महिन्यांत विसरतील."

"तिने त्या म्हाताऱ्याच्या हातातून वडी ओढून घेतली. नाहीतर आणखी दहा-बारा जण होते." तिचा आवाज चढला नाही. "आणि मी ते पिवळं बघून टॉवेल टाकला. मला त्या अधिकारी बाईंना तेही सांगायचंय."

देवव्रतने फाइलमधल्या शेवटच्या ओळी परत वाचल्या. मग म्हणाला, "श्रियाचा विचार केलास?"

श्रिया जिन्यात उभी होती. ती किती वेळ उभी होती ते कोणालाच कळलं नाही. ती खाली आली, काकाच्या हातातून लॅपटॉप घेतला आणि वाचायला बसली. वाचून झाल्यावर तिने तो मिटला. "टेल देम," ती म्हणाली आणि वर निघून गेली. तिच्या खोलीचं दार लागल्याचा आवाज आला. त्यानंतर चार दिवस ती बापाबद्दल एक शब्द बोलली नाही.

देवव्रत दुसऱ्या आठवड्यात परत गेला. विमानतळावर त्याने मृदुलाच्या पाया पडण्याऐवजी नुसता हात हलवला.

मृदुलाने फाइल आरोग्य खात्याला दिली आणि मग वार्सिनीच्या घरी गेली. वार्सिनीने दार उघडलं. तिच्या स्वयंपाकघरात काहीच शिजत नव्हतं. मृदुलाने उभ्या उभ्याच सांगितलं, त्याला सगळं माहीत होतं. त्याने वाचलं होतं. तुम्ही सांगितलं असतं तरी त्याने केलं असतं, बहुतेक.

वार्सिनी ऐकत होती. "बहुतेक," ती म्हणाली. "पण मी सांगितलं नाही."

"नाही सांगितलं," मृदुला म्हणाली. तिला तिथे काही खोटं बोलवेना. "आणि मी विचारलं नाही."

मग वार्सिनीने तिला बसायला खुर्ची दिली.

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी अनाहेराने वर्गातल्या सगळ्यांना बोलावून घेतलं. तेच लांब टेबल, पण त्यावर काही मांडलं नव्हतं. मृदुलाने लिहून आणलेला कागद वाचायला सुरुवात केली, मग तो खाली ठेवला आणि तोंडानेच सांगितलं. त्या डब्यात काय होतं. तो कोणासाठी आणला होता. त्याने स्वतः खाऊन अडीच तास वाट बघितली आणि मग तो आणला. वार्सिनीने हे कधी शिकवलं नव्हतं. फेसबुकवर हे कोणाला लिहायचं असेल तर माझ्या नावाने लिहा, असंही ती म्हणाली.

एका बाईने तोंडावर हात धरला. दुसरी तिच्या नवऱ्याला हळूच म्हणाली, चल, आपण जाऊ. ते गेले. आणखी एक जोडपं त्यांच्या मागोमाग उठलं. जाताना त्यांच्यातल्या पुरुषाने मृदुलाच्या खांद्याला हात लावला, पण त्याचा अर्थ काय ते तिला समजलं नाही.

गाईंवाला म्हातारा बसून राहिला होता. तो आपल्या उजव्या हाताकडे बघत होता. "मी तोंडापर्यंत नेली होती," तो म्हणाला. "माझी बायको शेजारी उभी होती. मी खाल्ली असती तर तिनेही खाल्ली असती. आम्ही सगळं अर्धं-अर्धं खातो."

मृदुलाने त्याची माफी मागितली. त्याने मान हलवली, पण माफ केलं असं तो म्हणाला नाही. उठून तो वार्सिनीपाशी गेला, टोपी काढली आणि तिच्यापुढे बराच वेळ तसाच उभा राहिला. मग बायकोला घेऊन बाहेर पडला. त्यांची जुनी यूट, मागे उघडा हौदा असलेली गाडी, चालू व्हायला तीनदा प्रयत्न करावे लागले.

सप्टेंबरपासून वार्सिनीचा स्टॉल परत लागतो. पूर्वीपेक्षा निम्मे लोक थांबतात. गुदेग आणि मेंदोआन असतं. कोणी नारळाच्या टेम्पेबद्दल विचारलं की ती हातातलं काम ठेवते, रुमाल नीट करते आणि वडिलांचं व दोन्ही भावांचं नाव घेऊन सगळं सांगते. काही जण ऐकतात आणि काही न घेता निघून जातात. मृदुला रविवारी कधी कधी तिथे जाऊन उभी राहते. खात नाही. अजून तिला बाहेरचं काही खाता येत नाही.